कडक मॅडम, घाबरलेली मुलगी आणि आपण घरचे

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून मी शाळेच्या वह्या तपासायला बसले होते. दारात माझी भाची उभी राहिली. पांढरा युनिफॉर्म चिखलाने भरलेला, हातात छत्री, डोळे सुजलेले. कल्याणहून लोकलने येऊन आंबिवली स्टेशनवर उतरली होती आणि स्वतःच्या घरी न जाता सरळ माझ्याकडे आली होती. सलाम केला आणि म्हणाली, "खाला, मी उद्यापासून कॉलेजला जाणार नाही. अम्मीला तुम्हीच सांगा."

ती जीएनएमच्या पहिल्या वर्षाला होती. बारावीनंतरचा तीन वर्षांचा हा नर्सिंगचा कोर्स आपल्या भागातल्या अनेक मुली करतात. मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, तेव्हापासून आमच्या आंबिवली-मोहने पट्ट्यातल्या घरांना पक्क्या पगाराची किंमत चांगलीच कळलेली आहे. बहिणीने तिची फी भरायला भिशीचे पैसे उचलले होते. त्यामुळे "जाणार नाही" हे दोन शब्द तिच्या घरासाठी लहान नव्हते.

झाले असे होते. मेडिसिन वॉर्डात तिने एका वयस्कर बाईंचे बीपी घेतले. क्लिनिकल मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी पट्टा ओढून काढला आणि पेशंट, नातेवाईक, वॉर्डबॉय अशा सर्वांसमोर म्हणाल्या, "एवढं साधं येत नाही? तुझ्यासारख्या मुली कशाला येतात इथे? घरी बसून चपात्या लाटा."

मी बहिणीला आणि मेहुण्यांना बोलावून घेतले. बहीण म्हणाली, "सब्र कर बेटा, तीन वर्षं कशीतरी काढ." मेहुणे म्हणाले, "एवढा अपमान सोसून कशाला शिकायचं? सोडून दे, घरी बसून बी.ए. कर."

आपल्या बहुतेक घरांत मुलीला याच दोनांपैकी एक उत्तर मिळते. दोन्ही प्रेमापोटी दिलेली असतात, आणि माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत. एक उत्तर मुलीला गप्प करते आणि दुसरे तिला घरी आणते. तिच्याबरोबर नेमके काय घडले, हे मात्र दोन्हींत कोणी विचारत नाही.

एकाच वाक्यात दोन गोष्टी

मी एक कोरी वही घेतली, पानावर मधोमध रेघ मारली आणि भाचीला सांगितले, "मॅडम जे जे बोलल्या ते दोन भागांत लिही. डावीकडे तुझ्या कामाबद्दल काय म्हणाल्या ते, उजवीकडे तुझ्याबद्दल काय म्हणाल्या ते."

डावीकडे लिहिता लिहिता तिला स्वतःलाच आठवले की पट्टा तिने बाईंच्या जाड बाहीवरूनच बांधला होता. बीपीचा पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळगीपासून साधारण दोन बोटे वर बांधायचा असतो. हात हृदयाच्या पातळीवर टेकवायचा असतो आणि पेशंटला आधी पाच मिनिटे शांत बसू द्यायचे असते. हे पुस्तकात वाचूनही घाईत राहिले होते. म्हणजे चूक खरी होती. आकडा चुकीचा आला असता तर त्यावरून डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला असता.

उजवीकडे दोनच ओळी आल्या: "तुझ्यासारख्या मुली" आणि "चपात्या लाटा". यात शिकण्यासारखे काहीच नव्हते.

कडक शिकवणे आणि अपमान करणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पण वॉर्डात त्या बऱ्याचदा एकाच वाक्यात, एकाच आवाजात येतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला त्या वेगळ्या करता येत नाहीत. मग अपमानाच्या दुःखात ती चूकही विसरते, किंवा चुकीच्या लाजेने अपमानही आपल्याच पात्रतेचा समजते. त्या दोन वेगळ्या करून देणे हे घरच्या मोठ्यांचे पहिले काम आहे.

त्या इतक्या कडक का असतात?

नर्सिंगमधल्या चुका वहीतल्या चुकांसारख्या नसतात. लाल पेनाने दुरुस्त करून भागत नाही. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० च्या बाटलीतले इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजने भरले, तर पेशंटला अडीचपट डोस जातो आणि साखर एकदम उतरून तो बेशुद्ध होऊ शकतो. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन सलाइनमध्ये न मिसळता थेट शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. ज्या शिक्षिकेने अशी एखादी चूक वॉर्डात डोळ्यांनी पाहिली असेल, ती प्रत्येक मुलीला दहा वेळा टोकणारच.

मुलींना जे जाचक वाटते त्यातले बरेचसे नियम आहेत. नखे कापलेली हवीत, अंगठी-बांगडी नको, काम करताना कोपरापर्यंत हात उघडे हवेत. आपल्या मुलींना बाह्यांचा हा नियम विशेष अवघड वाटतो. पण हात कोपरापर्यंत धुता यावेत आणि एका पेशंटचे जंतू बाहीवरून दुसऱ्याकडे जाऊ नयेत, एवढेच त्यामागचे कारण आहे. तो नियम आपल्या मुलीला त्रास देण्यासाठी केलेला नाही. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २०१० च्या आपल्या सूचनांमध्ये श्रद्धेमुळे हात झाकू इच्छिणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वापरून फेकून देण्याच्या बाह्यांचा पर्याय दिला होता. असा पर्याय आपल्या कॉलेजात चालेल का, हे प्रवेशाच्या वेळीच नम्रपणे विचारून घ्यावे. वॉर्डात ऐन वेळी वाद नको.

शिक्षिकांच्या बाजूची अडचणही समजून घ्यायला हवी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. जिथे ते प्रमाण पाळले जात नाही, तिथे एकाच मॅडमना दोन-तीन वॉर्डांत पसरलेल्या मुली सांभाळाव्या लागतात. वर इन्चार्ज सिस्टरची बोलणी खावी लागतात आणि पेशंटच्या नातेवाइकांनाही उत्तर द्यावे लागते. शिवाय त्या स्वतः ज्यांच्या हाताखाली शिकल्या, त्याही बहुधा अशाच बोलणाऱ्या होत्या.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेतील नर्सिंगच्या प्राध्यापिका ज्युडिथ माइस्नर यांनी १९८६ मध्ये एका लेखातून आपल्याच व्यवसायाला विचारले होते की आपण परिचारिका आपल्याच पिलांना खात आहोत का? जी स्त्री रात्रभर अनोळखी पेशंटच्या उशाशी बसते, ती हाताखालच्या मुलीशी इतकी कठोर का होते, हा तो प्रश्न. तो आजही जगभरच्या नर्सिंगमध्ये विचारला जातो.

मी स्वतःही शिक्षिका आहे

हे लिहिताना मला माझ्याच वर्गातला एक मुलगा आठवतो. उर्दू माध्यमाचा, सातवीतला. मराठीचा धडा वाचताना तो दर ओळीला अडखळत होता. मी सर्वांसमोर म्हणाले, "पाचवीच्या वर्गात जाऊन बस." मुले हसली. पुढचे तीन दिवस तो शाळेत आला नाही. माझा हेतू वाईट नव्हता, त्याने सुधारावे असेच मला वाटत होते. पण बीएडला शिकलेले सगळे त्या एका वाक्यात मी विसरले होते. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. तो दाराआडून बघत होता, बाहेर यायला तयार नव्हता.

सहीह मुस्लिममधील एक हदीस शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुआविया बिन हकम (रजि.) नवे मुसलमान होते. नमाज चालू असताना कोणाला शिंक आली आणि त्यांनी मोठ्याने दुआचे शब्द उच्चारले. लोक रागाने पाहू लागले. नमाज झाल्यावर प्रेषित (स.) त्यांच्यावर रागावले नाहीत, हात उचलला नाही की वाईट बोलले नाहीत. नमाजमध्ये लोकांचे बोलणे योग्य नाही, एवढे समजावून सांगितले. पुढे मुआविया (रजि.) म्हणत की त्यांच्याहून चांगला शिक्षक मी आधी पाहिला नाही आणि नंतरही नाही. इथे चूक झाकली गेली नाही आणि माणूसही मोडला नाही.

सेवेच्या या पेशाशी आपले नाते जुनेच आहे. रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांचा तंबू मदिनेच्या मशिदीत होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या सअद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा तिथेच झाली. म्हणून मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा काही परके करते, असे कोणी समजू नये.

मुलींनो, वॉर्डात काय कराल?

पुढचे दोन महिने भाचीने जे केले आणि ज्याचा तिला उपयोग झाला, ते इथे देते.

पहिले, मॅडम बोलत असताना पेशंटसमोर उलट उत्तर द्यायचे नाही आणि रडत बाहेरही पळायचे नाही. खोल श्वास घेऊन एकच वाक्य बोलायचे: "मॅडम, माझं कुठे चुकलं ते दाखवाल का? मी पुन्हा करते." दुसऱ्या दिवशी भाचीने नेमके हेच म्हटले. मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दहा पेशंटचं बीपी घे, मग माझ्याकडे ये." कौतुकाचा एक शब्द नाही. पण काम मिळाले आणि हात बसला.

दुसरे, माहीत नसेल तर अंदाज सांगायचा नाही. "मला माहीत नाही, मी पाहून सांगते," असे म्हणायचे आणि त्याच दिवशी पाहून सांगायचे. अंदाजाने औषध देणाऱ्या नर्सपेक्षा विचारून देणारी नर्स पेशंटसाठी कधीही बरी.

तिसरे, आदल्या रात्री अर्धा तास तयारी. उद्याच्या पेशंटचा आजार कोणता, औषधे कोणती, ती कशासाठी. औषध देताना पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, देण्याचा मार्ग बरोबर आणि वेळ बरोबर, या पाच गोष्टी मनात म्हणायच्या. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलींची खरी अडचण इंग्रजी नावांची असते. भाचीने एक छोटी वही केली. औषधाचे नाव इंग्रजीत, उपयोग उर्दूत आणि पेशंटला समजावायचे वाक्य मराठीत. लोकलमध्ये ती तीच वाचत असे. दोन महिन्यांनी वॉर्डातल्या इतर मुली तिच्याकडून ती वही मागू लागल्या.

चौथे, भीतीने दांडी मारायची नाही. नर्सिंगमध्ये परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींची ८० टक्के हजेरी लागते, पण कोर्स पूर्ण होण्याआधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. आज चुकवलेली ड्युटी पुढे सुट्टीत करावीच लागते, आणि कदाचित त्याच मॅडमच्या हाताखाली.

पाचवे, "बोलले तर मॅडम नापास करतील," ही भीती. ती पूर्ण खोटी नाही, कारण अंतर्गत गुण कॉलेजच्या हातात असतात. पण अंतिम प्रॅक्टिकल परीक्षेला अंतर्गत परीक्षकाबरोबर बाहेरचाही परीक्षक असतो. सगळी दोरी एकाच हातात नसते.

आणि अपमान थांबला नाही तर?

डावा रकाना सुधारत गेला. उजवा मात्र भरतच राहिला. "तुझ्यासारख्या", "तुम्ही लोक", असे शब्द आणखी तीन वेळा आले. आता सब्रच्या नावाखाली गप्प बसणे योग्य नव्हते. सब्र म्हणजे संकटात पाय रोवून उभे राहणे. अन्याय होत असताना तोंड शिवून बसण्याला आपल्या दीनने सब्र म्हटलेले नाही.

भाचीने प्रत्येक वेळेची तारीख, वार, वॉर्ड, नेमके शब्द आणि तिथे कोण होते, एवढेच लिहून ठेवले होते. रागाचा एक शब्दही नाही. तिच्यासारख्याच आणखी दोन मुली होत्या, त्यांतली एक बौद्ध घरातली. तिघी मिळून वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडे गेल्या. अर्जात लिहिले, "आम्हाला कडक शिकवलेले चालेल, आमच्या चुका जरूर दाखवाव्यात, पण घर आणि समाज यांवरून बोलू नये." अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली.

मॅडम त्यानंतर गोड झाल्या असे नाही. आजही त्या तितक्याच कडक आहेत. पण "तुझ्यासारख्या" हा शब्द बंद झाला.

तिथे दाद मिळाली नसती तर पुढची पायरी प्राचार्य आणि कॉलेजची तक्रार समिती. त्यानंतर जीएनएमसाठी राज्याचे नर्सिंग शिक्षण मंडळ आणि बीएस्सी नर्सिंगसाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. छळ सीनियर मुलींकडून होत असेल तर तो रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे, आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे. स्पर्श, अश्लील बोलणे असे काही असेल तर २०१३ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असायलाच हवी. तिथे एक दिवसही थांबू नये.

पायल तडवीला विसरू नका

जळगाव जिल्ह्यातली डॉ. पायल तडवी तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आपल्यातलीच मुस्लिम आदिवासी लेक होती. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजात ती स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आपले आयुष्य संपवले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून गुन्हा दाखल झाला. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. पण तिची आई आबेदा तडवी यांनी जाहीरपणे सांगितले आहे की मुलगी त्रासाबद्दल घरी बोलत होती आणि त्यांनी कॉलेजात दाद मागण्याचा प्रयत्न केला होता. त्याच वर्षी आबेदाबाई आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांमध्ये जातीवरून होणारा भेदभाव रोखण्याची यंत्रणा कामाला लागावी, ही त्यांची मागणी होती.

मुलीला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. हजारो मुली दर वर्षी शिकून नर्स होतात, डॉक्टर होतात. पालकांना एवढेच सांगायचे आहे की मुलगी "मला त्रास होतो" असे म्हणाली तर ते नाटक किंवा नाजूकपणा समजू नका. ती झोपत नसेल, जेवत नसेल, मैत्रिणींशी बोलणे तिने बंद केले असेल, "मी नसते तर बरं झालं असतं" असे काही बोलली असेल, तर त्याच दिवशी तिच्याजवळ बसा. तिला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. अशा वेळी फी आणि वर्ष या नंतरच्या गोष्टी. मुलगी सलामत असेल तर कोर्स पुन्हाही करता येतो.

घरी तिला काय लागते?

पहाटे फजरच्या वेळी उठून लोकल पकडणारी मुलगी संध्याकाळी आठ तास उभी राहून आलेली असते. तिला आल्या आल्या "आज काय शिकलीस?" असे विचारू नका. आधी चहा द्या. मग विचारा, "आज दिवस कसा गेला?" आणि ऐका. मध्येच उपाय सांगू नका. पाव्हण्यांसमोर तिच्या रडण्याची गोष्ट काढू नका. आणि "नाहीतरी लग्नच करायचं आहे," हे वाक्य घरातून कायमचे काढून टाका. वॉर्डातल्या टोमण्याइतकेच ते खोल जाते.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सांगत होती, पहिल्या वर्षाची एक नवी मुलगी थर्मामीटर पाडून बसली आणि थरथर कापत होती. "मग तू काय केलंस?" मी विचारले.

"काही नाही खाला. काचा उचलायच्या कशा, पारा सांडला तर काय करायचं, ते दाखवलं. मग तिला म्हटलं, मॅडम ओरडतील, त्यातलं कामाचं ऐकून घे. बाकीचं संध्याकाळी मला येऊन सांग."